मैत्री नावाची सवत

वलगावच्या पुढे फाट्यावरून आत वळलं, झेंडूची दोन-तीन वावरं मागं पडली, की आमच्या आसरखेडची कमान लागते. कमानीवर लिहिलं आहे, "हिमवीर गोवर्धनराव यांच्या गावात आपले स्वागत". दोन्ही बाजूले एक-एक पेंग्विन काढला आहे. पेंटर अमरावतीचा होता, त्यानं जन्मात पेंग्विन पाह्यला नव्हता, म्हणून ते कोट घातलेल्या कावळ्यावाणी दिसतात. पाहुणे हासतात. आमाले सवय झाली.

तर गोवर्धन आबा. मिल्ट्रीत डिझेल मेकॅनिक होते, तिथून त्याईची मोहिमेत निवड झाली अन् ते थेट अंटार्क्टिकात जाऊन राहिले, वर्षाच्या वर. तिथं आपल्या देशाचं जे मैत्री नावाचं स्टेशन आहे ना, तिथले जनरेटर अन् बर्फावर चालणाऱ्या गाड्या आबांच्या हाताखाली होत्या. कुठं आमचं वऱ्हाड, मे महिन्यात अकोल्याच्या रस्त्यावर डांबर चपलेले चिकटते, अन् कुठं ते. झेंडावंदनाले शाळेत आबा पाहिजेच. पोट्टे विचारतात, आबा बर्फ कसा लागते, तर आबा म्हणतात, "गार लागते." झालं भाषण. आबा लय कमी बोलतात.

पण मले आबांवर नाई लिहायचं. त्याईच्यावर पेपरात बम वेळा आलं, फोटोसकट. मले जमनामायवर लिहायचं आहे.

जमनामाय म्हणजे आबांची बायको. खरं नाव जमुना, पण गावात जमुना कोणी म्हणतच नाई. नात्यानं ती आमची कोणी लागत नाई, भिंतीले भिंत लागून घर आहे एवढंच, पण माह्या मायपेक्षा जास्त मी तिच्याच ओट्यावर वाढली. सकाळी वावरात झेंडू तोडायचा, टोपल्यात भरायचा, ऑटोत टाकून अमरावतीच्या बाजारात न्यायचा, अन् दुपारी घरी येऊन जेवता जेवता बाजारातल्या सगळ्याईच्या नकला करून दाखवायच्या, असा तिचा दिवस. नक्कल सुरू करायच्या आधी ती स्वतःच हासते. तिच्या बकरीचं नाव कलेक्टर आहे, कारण ती कोणाचं ऐकत नाई. अन् ती कोणावरही उभ्या उभ्या दोन ओळी जुळवते. सरपंच नवी बुलेट घेऊन आले तर दुसऱ्या दिवशी पाण्यावरच्या बाया बुलेटवरच्या ओळी म्हणून राहिल्या होत्या. सरपंच तिले पाहिलं की आता गाडी बंद करून ढकलत नेतात.

आता मैत्रीचं सांगतो.

आबा तिकडे गेले तेव्हा गावात फोन एकच होता, रामरावच्या पिठाच्या चक्कीवर. रामराव आता नाईत. फोन आला तेव्हा चक्की धडधड चालू, कोणाचं तरी ज्वारीचं दळण पडून राहिलं होतं. फोन सॅटेलाइटवरून येणारा, बोललं की शब्द उशिरानं पोचे अन् मधात नुसती खरखर. चक्की बंद करावी हे रामरावले सुचलंच नाई. त्याईनं एका कानात बोट घातलं अन् दुसऱ्याले फोन लावला. तिकडून आबा म्हणे, "जमुनाले सांगजा, मी मैत्रीत पोचलो. इथं आत गरम हाये, खाण्यापिण्याची कमी नाई. आता वर्षभर मैत्रीतच हावो, काळजी करू नको म्हणा."

फोन कटला.

स्टेशनले पण नाव असते हे रामरावले काय माहीत. ते तसेच, पिठानं पांढरे फटक, चक्की सोडून निघाले, अन् गल्लीच्या तोंडापासूनच त्याईनं आवाज दिला. रामरावचा आवाज म्हणजे भोंगा.

"जमने, वो जमने. गोवर्धनचा फोन होता. सुखात हाये म्हणे. कोणी मैत्री नावाची बाई हाये, तिच्या घरी राहून राहिला. खाऊपिऊ घालते म्हणे लय. वर्षभर तिच्याचकडे राहतो, तू काळजी करू नको म्हणे."

दोन्ही बाजूच्या दारात बाया येऊन उभ्या राहिल्या. जमनामाय ओट्यावर भांडे घासून राहिली होती, पियुष पाळण्यात, संध्या तिच्या पदराले लोंबकळून. तिनं हातातली परात खाली ठेवली. "बरं," एवढंच म्हणाली. आत सासू, मनकर्णाबाई, तिनं गळाच काढला. "माह्या पोराले बरफातली बाई लागली वो," म्हणून. जमनामाय सांगते, मले रडायले जागाच नाई उरली, सासूबाईनं सगळं घर भरून टाकलं होतं.

पुढच्या फोनले ती स्वतः चक्कीवर जाऊन बसली. चक्की बंद करायले लावली. पलीकडून आवाज आल्याबरोबर तिनं विचारलं, "कोण हाये थे मैत्री?" ते शब्द समुद्रापार पोचले, थोडा वेळ नुसती खरखर, अन् मंग आबांचं हासणं ऐकू आलं. त्याईनं सांगितलं, अवं बाई नोय, इमारत हाये, सरकारी. जमनामायले खरं कळलं. गावाले पण कळलं. पण गावाले खऱ्यापेक्षा खोटंच जास्त आवडलं. बायका पाण्यावर बोलता बोलता तिले पाहून गप्प व्हायच्या. समोरच्या घरची वच्छलाकाकू लय गोड आवाजात विचारे, "काई खबर वो मैत्रीबाईची? दिवस गेले म्हणते का तिले?"

मी एकदा तिले विचारलं होतं, माय, तुले राग नाई आला?

"आला ना. पण वच्छलीचा नाई आला. मले धाक असा पडला का आता भुलाबाई येतीन, अन् ह्या साऱ्या मिळून माह्यावर गाणं करतीन. एकडाव गाणं झालं का मंग जल्मभर जात नाई थे. मंग म्या म्हटलं, ह्या करतीन त्याच्या आधी मीच करतो."

आमच्याकडे भुलाबाई म्हणजे काय हे ज्याईले माहीत नाई त्याईच्यासाठी सांगतो. भादव्याच्या पुनवेले मातीच्या भुलाबाई अन् भुलोजी मांडतात, ते कोजागिरीपर्यंत. रोज संध्याकाळी आमी पोरी घरोघरी जाऊन गाणे म्हणतो, टिपऱ्या खेळतो, अन् शेवटी घरवाली बंद डब्यातला खाऊ खुळखुळ वाजवते, तो ओळखायचा. गाणे बाकी गावाईत पण असतात. पण आसरखेडची रीत अशी, की त्या वर्षी गावात जे झालं असन ते गाण्यात आलंच पाहिजे. कोणाची विहीर लागली, कोणाची म्हैस हरपली, कोणाचं लग्न मोडलं, सगळं. गावाचा खरा वारसा विचारसान तर मी हेच सांगन. गढीचं काय, गढी तर सगळीकडेच आहे, तिच्यावर आमच्याकडे नुसत्या बकऱ्या चरतात.

तर त्या वर्षी पहिल्याच संध्याकाळी पोरी मनकर्णाबाईच्या ओट्यावर आल्या, अन् कोणी तोंड उघडायच्या आत जमनामायनं टिपऱ्या हातात घेतल्या.

भुलाबाई भुलाबाई, कान द्या इकडे,
घरधनी गेले माहे जगाच्या बुडाकडे.
जगाच्या बुडाशी बरफाचं रान,
तिथी नाई पेरणी, नाई झाडाले पान.
बरफाच्या रानात मैत्रीचं घर,
मैत्री माही सवत गं, तिले नाई माहेर.
सहा महिने रात तिची, चूल पेटेना,
घरधन्याच्या हातातला पाना सुटेना.
सवतबाई सवतबाई, सांभाळ गं त्याले,
पुढच्या भुलाबाईले धाड परत मले.

वच्छलाकाकू त्या दिवशी टिपऱ्या खाली ठेवून उभी होती म्हणे, अन् शेवटच्या ओळीले तिनंच पहिले डोळे पुसले. तिथून कोणी जमनामायले चिडवलं नाई. कसं चिडवणार, तिनं कोणाले जागाच नाई ठेवली.

आबा परत आले ते भुलाबाईच्याच दिवसाईत. मोहीम संपून मुंबईले उतरले, मंग मिल्ट्रीचे काय काय सोपस्कार, मंग सुट्टी, अन् एका संध्याकाळी एसटीतून फाट्यावर. सोबत ट्रंक. गावात शिरतात तर पोरी हेच गाणं म्हणत एका घरून दुसऱ्या घरी चाललेल्या. आबा ट्रंक खाली ठेवून उभे राहिले, पूर्ण गाणं ऐकलं, अन् मंग घरी आले. हात-पाय धुतले. जमनामायकडे पाहून म्हणाले, "जेवाले काय हाये?"

बस. त्याच्यानंतर इतके वर्षं झाले, संध्याचं लग्न होऊन ती अकोटले गेली, पियुष नागपूरले नोकरीले लागला, आबा रिटायर होऊन झेंडूच्या वावरात रमले, पण ते गाणं त्याईले आवडलं का नाई, हे आबा एका शब्दानं बोलले नाईत अन् जमनामायनं विचारलं नाई. गाणं मात्र फिरत राहिलं. आमच्या पोरी लग्न होऊन जिकडे गेल्या तिकडे ते गेलं. अकोटकडे मैत्रीले "मैतरीण" करून टाकलं आहे म्हणे. चालते.

आता यंदाचं.

जिल्ह्यातल्या एका संस्थेनं गावोगावच्या वारशाचा कार्यक्रम काढला अन् त्याच्यात आमचं गाव निवडलं. कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी पाहुणे येणार, त्याच्यात एक मॅडम अशा की ज्या स्वतः मैत्रीवर राहून आलेल्या शास्त्रज्ञ. चावडीची भिंत रंगवायची, तिच्यावर गावाचा वारसा लिहायचा, पाहुण्याईच्या पुढे पोरी भुलाबाईचं गाणं म्हणतील. सगळं शाळेच्या शेखर सरांकडे. सर अमरावतीच्या राजापेठचे, रोज गाडीवर येणं-जाणं करतात, माणूस वाईट नाई, पोट्ट्याईसाठी लय करतात. पण नीटनेटकं करायची त्याईले भारी हौस.

मी कॉलेजातून दुपारच्या गाडीनं आली तर आमच्या गल्लीतली खुशी, सातवीतली, चालता चालता काहीतरी घोकून राहिली होती. चाल तीच. शब्द भलतेच.

"भुलाबाई भुलाबाई, ऐका यशोगाथा, गोवर्धनरावांपुढे नमवू या माथा."

"हे काय वो?"

"नवं गाणं. सरांनी बसवलं. दीदी, पुढे ऐक ना, मैत्री केंद्र भारताचे, विज्ञानाची शान."

दप्तर खुशीच्या हातात देऊन मी थेट शाळेत गेली. सर फळ्यावर पाहुण्याईची बसायची जागा आखून राहिले होते. मी दारातूनच सुरू झाली, की सर हे गाणं जमनामायचं आहे, तुमी कोण बदलणारे.

सर शांत होते. "अपेक्षा, बस. पाणी पी. तू शिकलेली मुलगी आहेस, तूच सांग. येणाऱ्या मॅडम त्या स्टेशनवर काम करून आल्या. आपण त्यांच्यासमोर त्या स्टेशनला सवत म्हणायचं? वरून बूड. स्टेजवर पोरी बूड म्हणतील? आणि सहा महिने रात्र मैत्रीवर नसतेच मुळी. दोनेक महिने सूर्य उगवत नाही, एवढंच. मी आबांना विचारून घेतलं."

"आबाईले विचारलं?"

"सगळंच विचारलं. गाणं बदलतो म्हटलं. ते म्हणाले, बदला. भिंतीवर पण हेच लिहायचं ठरलं."

मी उठली अन् पळतच आबांच्या वावरात गेली. जमनामाय वाकून फुलं तोडून राहिली होती, आबा पलीकडच्या सरीत पाइप जोडत होते. थोडं थांबावं, इकडे तिकडे पाहावं, असं मले जमत नाई. मी बांधावरूनच सगळं सांगून टाकलं, आबा "बदला" म्हणाले तेही.

जमनामायनं हातातलं फूल टोपलीत टाकलं. पुढचं तोडलं. तेही टाकलं. मंग कंबर सरळ करून उभी राहिली.

"काहो," तिनं आबाईले आवाज दिला, "खरं हाये का हे?"

आबा पाइप सोडून आले. "सर म्हणत होते का रात दोन महिन्याचीच असते. थे खरं हाये. दोनच महिने होती."

"मले सहा वाटली," जमनामाय म्हणाली.

आबांनी हाताची माती झटकली.

"अन् सवत? तेही बदलाले सांगतलं तुमी?"

"साहेब लोक येऊन राहिले ना."

"म्हणजे तुमाले लाज वाटे त्या गाण्याची. इतके वर्षं."

आबा खाली पडलेल्या पाइपाकडे पाहू लागले. जमनामायनं टोपली उचलून डोक्यावर घेतली अन् घराकडे चालू लागली. मी मागं मागं. वाटेत तिनं कोणाची नक्कल केली नाई, कोणाले दोन ओळी नाई हाणल्या. कलेक्टर मधात आली तर तिले नुसतं हातानं बाजूले केलं.

त्या संध्याकाळी पोरी ओट्यावर आल्या, तिनं भुलाबाईपुढे दिवा लावला, खाऊचा डबा माह्या हातात दिला अन् आत जाऊन पडली. आमी गाणे म्हटले, पण तिच्याशिवाय कोणाले ठेकाच सापडेना. अन् "मैत्री माही सवत" आमी म्हटलंच नाई. नवं म्हणावं तर जीव होत नव्हता, जुनं म्हणावं तर आत ती होती. दुसऱ्या दिवशी पण तसंच. मले सारखं वाटून राहिलं होतं की जाऊन आबाईले हलवावं अन् म्हणावं, बोला ना काईतरी, पण आबा दिवसभर वावरातच होते अन् घरी आले तरी दाराच्या आत पाहून परत ओट्यावर येऊन बसायचे.

कार्यक्रमाचा दिवस आला. चावडीपुढे मांडव, ज्वारीच्या धांड्यांचा मखर. आजकाल ज्वारी कोण पेरते, धांडे मिळतच नव्हते, ते संध्याताईनं अकोटवरून बसच्या टपावर टाकून आणले. संध्याताई म्हणजे जमनामायची पोरगी, अन् ती एकटी नाई आली. कोजागिरीले माहेरी यायची रीतच आहे, त्याच्यात पाहुणे येणार म्हटल्यावर गावच्या झाडून साऱ्या लेकी आल्या होत्या, कोणी लेकरं घेऊन, कोणी सुनासकट. मांडवात मागच्या बाजूले नुसत्या लेकीच लेकी.

जमनामाय आली, पण एकदम शेवटी, खांबाले टेकून उभी राहिली. संध्याताईनं ओढलं तरी पुढे आली नाई. आबा स्टेजवर, खुर्चीत, बाजूले प्रियदर्शनी मॅडम, त्याच त्या शास्त्रज्ञ. मॅडम अमराठी असतील असं सगळ्याईनं गृहीत धरलं होतं, पण त्या साताऱ्याकडच्या निघाल्या. सरांचं भाषण झालं, सरपंचांचं झालं. मंग सर म्हणाले, आता आमच्या विद्यार्थिनी भुलाबाईचं पारंपरिक गीत सादर करतील.

अन् इथंच सर चुकले. शब्द त्याईनं सगळे बदलले, पण चाल तीच ठेवली.

पोरीनी टिपरीवर टिपरी मारली, "भुलाबाई भुलाबाई" म्हटलं, अन् मागं बसलेल्या लेकीईले काय माहीत की नवं गाणं आहे. त्याईनं लहानपणापासून ह्या चालीवर एकच गाणं म्हटलं होतं. पोरी म्हणाल्या "ऐका यशोगाथा" अन् मागून सगळ्या लेकी एका आवाजात, "कान द्या इकडे". पोरी थबकल्या. खुशीनं सरांकडे पाह्यलं. सर हातानं दाखवत होते, चालू ठेवा, चालू ठेवा. पण मागून आवाज इतका मोठा की पुढच्या ओळीले "नमवू या माथा" कुठंच्या कुठं वाहून गेलं, अन् "जगाच्या बुडाकडे" माइकमध्ये पण आलं. तिथून पोरीनी सरांचा नाद सोडला. ओठांवर जे आपोआप येते ते येऊ दिलं. बरफाचं रान झालं, मैत्रीचं घर झालं, सवत झाली, वच्छलाकाकू पुढच्या रांगेत बसून मोठ्यानं, सहा महिने रात तिची. मी पण म्हणून राहिली होती, मले कळलंही नाई कधी सुरू केलं. फक्त एकटी जमनामाय गप्प होती, खांबाले धरून.

गाणं संपलं. टाळ्या पडायच्या आत मॅडमनी माइक ओढला. त्या हासत होत्या, पण डोळ्यात पाणी.

"सवत कोण म्हणालात? मैत्री?"

सर उठले. "मॅडम, ते जुनं, म्हणजे अशुद्ध रूप आहे, चुकून..."

"थांबा हो सर. मी तिकडे गेले तेव्हा माझ्या सासूबाईंनी शेजारी सांगितलं होतं, सून मैत्रिणीकडे राहते म्हणून. मला हे कोणी केलं ते सांगा."

मांडवात सगळे एकमेकाईकडे पाहू लागले. सांगायचं तर सगळ्याईले होतं, पण नवरा स्टेजवर बसला असताना दुसऱ्यानं कसं सांगावं. तेव्हा आबा उठले. माइक हातात घेतला, तो उलटा धरला होता, सरपंचांनी सरळ करून दिला.

"माह्या घरवालीनं केलं," आबा म्हणाले. मंग थांबले. आमाले वाटलं झालं, पण ते आणखी बोलले, अन् मॅडमकडे नाई, सरळ खांबाकडे पाहून बोलले. "सरांनी मले विचारलं होतं. सर म्हणे, साहेब लोक हासतीन. मले वाटलं तुले हासतीन. म्हणून म्या बदला म्हटलं. मले कायची लाज वो. मी फाट्यावर एसटीतून उतरलो, हे गाणं ऐकलं. तोवर मले वाटे का थ्या रातीत मी एकटाच होतो."

आबा खाली बसले. इतकं आबा सव्वीस जानेवारीले सगळे वर्षं मिळून पण बोलले नसतीन.

जमनामायनं पदर तोंडाले लावला. वच्छलाकाकू मागं वळून म्हणाली, "जाय ना वो पुढे, आता काय सवतीले बलावतं का मधात." मांडव हासला. जमनामाय पण पदरातून हासली, अन् मंग ती पुढे आली, लेकीईच्या मधातून वाट काढत, कोणी तिच्या पाठीवर थाप मारे, कोणी गालाले हात लावून कडाकडा बोटं मोडे. स्टेजच्या पायरीजवळ आल्यावर आबा तिच्याकडे पाहून म्हणाले, "दोन महिने होती," अन् ती म्हणाली, "बसा गुमान."

मॅडमनी तिले बाजूच्या खुर्चीवर बसवलं. मंग त्या दोघी जे बोलायले लागल्या ते बाकीच्या सगळ्या भाषणाचा वेळ खाऊन. मैत्रीच्या आत खरंच गरम असते का, तिथं कपडे कुठं वाळवतात, बाया असतात तर त्याईचे केस कोण कापते. जमनामायनं आपल्या सवतीची इतक्या वर्षात पहिल्यांदा बारीक चौकशी केली.

कार्यक्रम उरकला, पाहुणे दूध पिऊन गेले. सर चावडीच्या भिंतीपुढे एकटे उभे होते. भिंत पांढरी करून ठेवलेली, वर फक्त गावाचं नाव अन् खाली गढीचं चित्र, गाणं लिहायचं वेळेत झालंच नव्हतं. पेंटर तोच, पेंग्विनवाला, ब्रश घेऊन वाट पाहून राहिला होता. मले आधी सरांचा इतका राग होता, पण तसे उभे पाहून वाईट वाटलं. माणसानं आठवडाभर पोरीईले शिकवलं होतं.

जमनामाय तिकडून आली. सर म्हणाले, "माय, माझं चुकलं. तुम्ही सांगा, तुमचे शब्द लिहितो. जसेच्या तसे."

"लिहा ना. चांगलं हाये. पाऊस-पाण्यात खराब नाई झालं पाह्यजे फक्त."

"सवत पण?"

"तिच्यासाठीच तर गाणं हाये, सर."

"आणि बूड?"

"बुडालेच तर गेले होते ना हे."

सर हासले. खिशातून पेन काढून लिहून घेऊ लागले, ती सांगत गेली, पेंटर ओळी मोजून भिंतीवर खडूनं रेघा मारत गेला. शेवटची ओळ झाली तशी त्यानं खाली वेलबुट्टीची किनार आखायले घेतली.

"थांब रे बाप्पा," जमनामाय म्हणाली. "खाली जागा सोड."

"किती सोडू, माय?"

तिनं भिंतीकडे पाह्यलं, खिडकीकडे पाह्यलं, मंग सरांकडे पाह्यलं, अन् आधी स्वतःच हासली.

"खिडकीपर्यंत सोड. भुलाबाई दरसाल येतात. यंदाच्या तर दोन ओळी आताच झाल्या," असं म्हणून तिनं पेंटरच्या ब्रशच्या दांड्यानं खडूच्या डब्यावर ठेका धरला.

सर आले राजापेठून, गाडी लावली उन्हात,
गाणं आमचं सुधारलं, चाल राहिली कानात.

मागं लेकी जमल्याच होत्या. त्याईनं दुसऱ्या खेपेले उचललं, खुशीनं टिपऱ्या काढल्या, अन् सर डोक्याले हात लावून पेंटरले म्हणाले, "लिही बाबा. माझं पण लिही."